रिकाम्या बाटलीचं काय करायचं?

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात असेल बघा अशी एखादी वस्तू. उपयोगाची नाही, पण टाकवतही नाही. दर दिवाळीच्या आवराआवरीत "आता हिचं काय करायचं?" हा प्रश्न घेऊन ती पुन्हा हातात येते, आणि आपण पुन्हा तिला होती तिथे ठेवून देतो. आमच्याकडे ती वस्तू म्हणजे आत्याची सेंटची बाटली.

माझी आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची. मुंबईत नर्सची नोकरी करण्यात तिचा जन्म गेला. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावरही बरीच वर्षं एकटी राहिली. गेल्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मी तिला हट्टाने माझ्याकडे घेऊन आले. येताना सामान किती? दोन ट्रंका आणि एक शिवणाचं मशीन. त्यातल्या एका ट्रंकेच्या तळाशी, खणाच्या तुकड्यात गुंडाळून, कापसात ठेवलेली ही बाटली. मुठीत मावेल एवढीच, पण हातात घेतली की जड लागते. खिडकीत ठेवली तर भिंतीवर रंगांचे ठिपके नाचतात. लेबल कधीच गळून गेलंय. तळाशी काळपट मधासारखा एक थर तेवढा उरलाय आणि काचेचं बूच घट्ट बसलंय.

"ही कुणी दिली गं?" मी विचारलं.

तेव्हा कळलेली हकीकत अशी. साठच्या दशकाच्या शेवटी आत्या दादरच्या पारशी कॉलनीत एका आजारी, वयस्क बाईंकडे रात्रपाळीला जायची. पहाटे ती निघाली की बाई तिला पलंगापाशी बोलवायच्या. बाटलीचं बूच काढून त्याचं ओलं टोक तिच्या कानामागे टेकवायच्या. रात्रभर औषधांच्या वासात बसलीस, आता घरी जाताना फुलासारखी जा, असं काहीसं त्या आपल्या पारशी गुजरातीत म्हणायच्या. पहाटेच्या लोकलमध्ये शेजारच्या बायका वळून वळून बघायच्या म्हणे! बाई गेल्यावर त्यांच्या मुलीने आठवण म्हणून बाटली आत्याला दिली.

आता घरात एवढी गोष्ट निघाल्यावर सगळ्यांना मतं असतातच. माझा भाचा म्हणाला, "मामी, ही अस्सल क्रिस्टल दिसतेय. जुन्या बाटल्या जमवणारे लोक असतात, चांगले पैसे येतील." माझी मुलगी फिजिओथेरपीची इंटर्नशिप करते, तिचंही मन आत्याआजीवर फार. ती म्हणाली, "विकायची कशाला? धुऊन काढू आणि छान फुलांच्या वासाचा नवा परफ्यूम भरून आजीला देऊ. सुगंध परत आणू या!"

दोघांचाही हेतू वाईट नव्हता. पण "सुगंध परत आणू या" हे शब्द माझ्या डोक्यात राहिले. एकदा गेलेला सुगंध परत आणता येतो का हो? आणि आणायचाच तर नेमकं काय परत आणायचं? बाटली? नाव? की आतला वास?

बाटली कुठल्या सेंटची हे काही कळलं नाही. पण एक गंमत सापडली. मुलीने भिंग आणलं आणि बाटलीच्या बुडाशी कोरलेला बारीकसा आकडा दिसला : ३७. तो कशाचा याचा शोध घेता घेता मी पार फ्रान्सपर्यंत जाऊन पोहोचले. अर्थात घरबसल्याच! जुन्या काळी तिकडच्या उंची बाटल्यांचं काचेचं बूच साच्यातून काढून सरळ बसवत नसत. एकेक बूच त्याच्या त्याच्या बाटलीच्या तोंडात घासून घासून बसवायचे, इतकं की हवा जाणार नाही. त्यामुळे एका बाटलीचं बूच दुसरीला चालायचंच नाही. कारखान्यात अदलाबदल होऊ नये म्हणून दोन्हींवर एकच आकडा कोरायचे. मग वरून गळ्याशी पातळ पापुद्रा ताणून, त्यावर दोरा गुंडाळून गाठ मारायची. हे हलक्या हाताचं काम बहुतेक बायकाच करत. कुठल्या तरी बाईने घातलेला तो दोरा सुटून आता किती दशकं झाली असतील, पण आकडा शाबूत आहे.

पूर्व फ्रान्समधल्या लोरेन भागात बाकारा नावाचं गाव आहे. तिथे १७६४ मध्ये राजाच्या परवानगीने काचेचा कारखाना निघाला. पुढच्या शतकात तिथे क्रिस्टल बनू लागलं. क्रिस्टल म्हणजे काचेचीच श्रीमंत बहीण. वितळवताना तिच्यात शिशाचं ऑक्साइड घालतात, उत्तम क्रिस्टलमध्ये चोवीस टक्के किंवा त्याहूनही जास्त. त्यामुळे ती जड होते, टिचकी मारली की घुमते, पैलू पाडायला मऊ जाते आणि उजेडाचे रंग करून दाखवते. आपल्या राजेरजवाड्यांनी तिथून झुंबरं मागवली, तशीच पॅरिसच्या सेंटवाल्यांनी बाटल्या मागवल्या. १९०७ च्या सुमारास तिथे दिवसाला चार हजारांवर सेंटच्या बाटल्या बनत होत्या. त्याच सुमाराला पॅरिसमध्ये फ्रान्स्वा कोती या सेंटवाल्याने रने लालिक या दागिने घडवणाऱ्याला गाठलं आणि दागिन्यासारख्या बाटल्या करून घेतल्या. पुढे लालिक यांच्या मुलाने, मार्क लालिकने, १९५१ मध्ये नीना रिची यांच्या 'लेर द्यु ताँ' या फुलांच्या सेंटसाठी बुचावर दोन कबुतरं बसवली. महायुद्ध संपून सहाच वर्षं झाली होती. शांततेची ती कबुतरं आजही त्या बाटलीवर बसलेली असतात.

म्हणजे बाटली टिकते. सत्तर वर्षं, शंभर वर्षं टिकते. प्रश्न आतल्या वासाचा आहे.

त्याची एक हकीकत सांगते. ती वाचल्यापासून माझं मत पक्कं झालं.

पॅरिसमध्ये जाँ पातू नावाचे एक कपड्यांचे नामांकित रचनाकार होते. १९२९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि त्यांच्या श्रीमंत अमेरिकन गिऱ्हाइकांचं पॅरिसला येणं थांबलं. सगळं जग हात आखडता घेत होतं आणि या गृहस्थाने काय करावं? १९३० मध्ये 'जॉय' नावाचा सेंट काढला, 'जगातला सर्वांत महाग' अशी जाहिरात करून! आँरी अल्मेरास यांनी तो बनवला. अवघ्या तीस मिलिलिटरला, म्हणजे आपल्या खोकल्याच्या औषधाची लहान बाटली असते तेवढ्याला, १०,६०० जस्मिनची फुलं आणि अठ्ठावीस डझन गुलाब लागतात असं ते घराणं अभिमानाने सांगायचं. अठ्ठावीस डझन म्हणजे ३३६ गुलाब! बाटल्यांचं रूप लुई स्यू या वास्तुकाराने ठरवलं आणि खास गिऱ्हाइकांसाठी तो बाकाराच्या क्रिस्टलमध्ये मिळायचा.

ही जस्मिन म्हणजे कुणी परकी नव्हे बरं का. ती आपली जाई. दक्षिण फ्रान्समधल्या ग्रास गावाच्या आसपास तिची शेतं असतात. ग्रास हे मूळ चांभारांचं, कातडी कमावणाऱ्यांचं गाव. कातड्याच्या हातमोज्यांना येणारा उग्र वास मारायला ते मोज्यांना सुगंध लावू लागले. पुढे मोज्यांचा धंदा बसला आणि सुगंधाचा राहिला. जाई ऑगस्ट ते ऑक्टोबर, पहाटे पहाटे वेचायची. ऊन चढलं की वास उतरला. साधारण आठ हजार फुलं वेचावी तेव्हा एक किलो भरतं. सराईत बाईने तासाला अर्धा किलो वेचलं तरी पुष्कळ. म्हणजे हिशेब करा, त्या एवढ्याशा बाटलीसाठी एका बाईची अडीच-तीन तासांची वेचणी, आणि ती फक्त जाईची. गुलाब वेगळे.

वास काढायची तिथली जुनी रीत तर आपल्याला चटकन कळेल अशी. फ्रिजमध्ये लोणी उघडं राहिलं की त्याला कांद्याचा वास लागतो ना? बस, तेच! काचेच्या तावदानावर चरबीचा थर द्यायचा, त्यावर ताजी जाई पसरायची. दुसऱ्या दिवशी जुनी फुलं उचलायची, नवी ठेवायची. असं कित्येक दिवस. चरबी वासाने भरून गेली की अल्कोहोलने धुऊन अर्क काढायचा. पुढे रसायनांनी अर्क काढायची सोय आली आणि ही रीत मागे पडली. ग्रासच्या या सगळ्या जाणकारीला, म्हणजे फुलं लावणं, त्यांचा अर्क ओळखणं आणि सेंट रचणं याला, युनेस्कोने २०१८ मध्ये मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं. लक्षात घ्या, मान मिळाला तो बाटलीला नाही. हातांना आणि नाकांना मिळाला.

आता 'जॉय'चं पुढे काय झालं ते ऐका. पातू १९३६ मध्ये गेले. सेंट चालू राहिला. १९६७ पासून जाँ केरलेओ हे त्या घराण्याचे सेंट बनवणारे झाले. त्यांनी १९८४ मध्ये एक सुंदर काम केलं. घराण्याचे बंद पडलेले बारा जुने सेंट मूळ कृतीवरून पुन्हा तयार केले. आणि १९९० मध्ये, पॅरिसजवळच्या व्हर्सायला, इतरांच्या सोबतीने चक्क वासांचं संग्रहालय सुरू केलं. त्याचं नाव ओस्मोथेक. तिथे हजारो सेंट आहेत. त्यातले शेकडो तर जगाच्या बाजारातून गेलेले. बारा अंश तापमानात, अंधारात, हवेऐवजी आरगॉन वायू भरून ते जपतात. तिथे काहीही विकत मिळत नाही. कागदाच्या पट्टीवर थेंब टाकून देतात, हुंगायचं आणि घरी यायचं.

२००० मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅग्रन्स फाउंडेशनने 'जॉय'ला 'शतकाचा सुगंध' म्हणून गौरवलं. पण दुसऱ्याच वर्षी ते घराणं एका मोठ्या अमेरिकन कंपनीने घेतलं. २०११ मध्ये एका ब्रिटिश कंपनीकडे गेलं. तिथल्या तोमा फोंतेन यांनी २०१३ पासून पुन्हा काही जुने सेंट नव्याने आणले. आणि २०१८ मध्ये एका बड्या फ्रेंच उद्योगसमूहाने घराण्याची मालकी घेतली. त्याच वर्षी त्याच समूहातल्या दिओर या घराण्याने 'जॉय' नावाचा नवा सेंट बाजारात आणला. कृती निराळी, वास निराळा, बाटली निराळी. फक्त नाव तेच. जुना 'जॉय' दुकानातून नाहीसा झाला.

कायद्याने यात काही चूक नाही. नाव विकत घेतलं की ते वापरता येतं. नवा सेंट आवडणाऱ्या बायकाही असतील, नाही असं नाही. पण मला सांगा, आपल्या आजीच्या हातच्या पुरणपोळीचं नाव घेऊन कुणी भलतंच काही ताटात वाढलं, तर ते चविष्ट असलं तरी आपण त्याला आजीची पोळी म्हणू का?

तुम्ही म्हणाल, मग जुनी कृती आहे ना, तिच्यावरून करा की जसाच्या तसा! इथेच खरी मेख आहे. तो जसाच्या तसा होत नाही, आणि काही वेळा होऊही नये. जुन्या सेंटांत कस्तुरीसारख्या वासाची काही रसायनं सर्रास असायची. ती त्वचेला आणि मज्जातंतूंना अपाय करतात असं दिसल्यावर बंद झाली. लिली ऑफ द व्हॅली हे इवलंसं पांढरं फूल, त्याचा अर्क सेंटासाठी निघतच नाही. तो वास रसायनांनीच उभा करावा लागतो. त्यातलं लिलिअल नावाचं रसायन प्रजननक्षमतेला धोक्याचं ठरलं आणि मार्च २०२२ पासून युरोपात सौंदर्यप्रसाधनांत त्याच्यावर बंदी आली. जुन्या वासासाठी लेकीसुनांची तब्येत पणाला लावा असं मी कधीच म्हणणार नाही. बदल करावाच लागेल. फक्त तो सांगून करावा. "मूळ असं होतं, आम्ही हे हे बदललं," एवढं डब्यावर छापायला कितीशी शाई लागते?

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त टोचते. जुन्या सेंटचं पुनरुज्जीवन म्हटलं की जाहिरातीत काय दाखवतात? चकाकती बाटली, सोनेरी दोरा, संस्थापकाचा जुना फोटो. फूल वेचणारी बाई कुठे असते? जगातल्या जाईच्या अर्काचा फार मोठा भाग आज दोनच देशांतून येतो, इजिप्त आणि भारत. आपल्याकडे तो मुख्यतः तामिळनाडूतून जातो. पॅरिसच्या सेंटमध्ये आपल्याच कुणा बाईने काळोखात उठून वेचलेली जाई असू शकते, ठाऊक होतं तुम्हाला? मला नव्हतं. इजिप्तचं तर ऐकवत नाही. मे २०२४ मध्ये बीबीसीने दाखवलं, की नामांकित सेंटांना अर्क पुरवणाऱ्या जाईच्या शेतांत रात्रीच्या वेळी आईबरोबर लहान लहान मुलंही फुलं वेचत होती. एका आईबरोबर तर पाच ते पंधरा वर्षांची चार मुलं होती. मजुरी इतकी कमी, की मुलांचे हात लावल्याशिवाय किलोचा आकडा वाढत नाही.

म्हणून माझं मत असं. नुसती बाटली पुन्हा काढली तर ते सुंदर काचकाम झालं. त्याचंही कौतुक आहे, कारण फुंकणीने काच फुगवणारे आणि पैलू पाडणारे कारागीर त्याने जगतात. नुसतं नाव पुन्हा काढलं तर तो व्यापार झाला. पुनरुज्जीवन म्हणायचं असेल तर कृती खरी सांगा, फुलाचा भाव चढवा आणि वेचणारीच्या घरात दोन पैसे जास्त जाऊ द्या. तिची मुलगी पहाटे शेतात नको, झोपेत हवी आणि मग शाळेत हवी. एवढं करून सेंट महाग झाला तर होऊ दे. 'जॉय' मिरवला तो महाग म्हणूनच ना? मग त्या महागाईतला वाटा मुळाशीही पोहोचू दे.

काही मैत्रिणी म्हणतील, "बाई, आम्हाला काय करायचंय त्या हजारोंच्या बाटल्यांशी? आम्ही आपलं हळदीकुंकवाला मनगटावर अत्तर लावतो." खरंय. मीही लावते. पण हाच प्रश्न आपल्या गजऱ्यालाही आहे की. वसई-पालघरकडचा मोगरा पहाटे दादरच्या फुलबाजारात येतो. तो कुणी, कितीला खुडला हे गजरा माळताना आपण कधी विचारतो? अत्तरवाल्याकडून 'मोगरा' घेतो तेव्हा त्यात मोगरा किती आणि रसायन किती, हे तरी? विचारायला पैसे पडत नाहीत. चार बायकांनी विचारलं तर पाचवीला तो आपणहून सांगेल.

असो. बाटलीचं काय झालं ते सांगायचं राहिलं.

हे सगळं मी आत्याला वाचून दाखवत होते, एकेका दुपारी थोडं थोडं. ती डोळे मिटून ऐकायची. एक दिवस म्हणाली, "एवढं पुराण झालं, आता उघडा ती बाटली. मी असेतोवर उघडा." मग मुलीने कढत पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं बाटलीच्या गळ्याला गुंडाळलं, खोबरेल तेलाचा एक थेंब बुचाच्या कडेला सोडला, आणि खूप वेळाने, हळूहळू फिरवत फिरवत, बूच सुटलं. भिंगाखाली पाहिलं तर त्याच्या खालच्या टोकाशीही तोच आकडा होता : ३७. का कोण जाणे, मला फार बरं वाटलं. पन्नासावर वर्षं झाली, मुंबई सुटली, घरं बदलली, पण दोघांची ताटातूट झालेली नव्हती.

पहिला भपका आला तो आंबूस, वार्निशसारखा. मुलीने नाक मुरडलं. सेंटात जे हलकं असतं, लिंबू-संत्र्यासारखं, ते आधी उडतं आणि बिघडतंही आधी. आम्ही बुचाचं टोक आत्याच्या कानामागे टेकवलं आणि वाट बघत बसलो. पाच-दहा मिनिटांनी माझ्या नाकाला तरी काहीतरी लागलं. सुकलेल्या गजऱ्यासारखं, गोडसर, खोल. मला वाटलं, आता आत्याच्या डोळ्यांत पाणी येणार.

आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हा तो नव्हे गं."

"अगं, तीच बाटली आहे!"

"बाटली तीच. पण बाईंच्या खोलीत लोबान असायचा. कपाटात सुखडीचा हार असायचा, त्याचा वास साड्यांना. खिडकीतून समुद्राची दमट हवा यायची. आणि बाईंचा हात... त्यालाही तापाचा एक वास होता. ते सगळं मिळून तो वास होता. बाटली बिघडली की माझं नाक म्हातारं झालं, देव जाणे. पण तो गेला."

मी पार हिरमुसले. तीन महिने वाचलेलं सगळं तिने एका वाक्यात निकालात काढलं होतं. व्हर्सायच्या त्या थंड तळघरातही बाईंची खोली मिळणार नव्हती.

"मग आता काय करू या बाटलीचं? विकू? की नवं काही भरू?"

"भरू नको. तिच्यात दुसरं घालायचं आणि तेच म्हणायचं, असं नको. विकूही नको. पोरीला दे. आणि मी सांगितलेलं सगळं लिहून ठेव. बाईंचं, दोऱ्याचं, आकड्याचं. नाहीतर उद्या ही नुसती काच."

ते मी लिहून ठेवलं. एका कागदावर, बाटलीच्या खणात गुंडाळून.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. मुलीला हॉस्पिटलात रात्रीची ड्यूटी होती. सकाळी आली ती दमून, केस विस्कटलेले, अंगाला सॅनिटायझरचा वास. चपला काढून सरळ बिछान्याकडे निघाली. आत्या खुर्चीत बसल्या बसल्याच म्हणाली, "इकडे ये." शेजारी आमच्या अत्तरवाल्याची चाळीस रुपयांची कुपी होती. (विचारलंय मी त्याला. मोगरा थोडा, बाकी रसायन, असं त्याने लाजत का होईना, कबूल केलं.) आत्याने थरथरत्या बोटावर थेंब घेतला आणि पोरीच्या कानामागे टेकवला.

"हं, जा आता. झोप."

पोर तिथेच, तिच्या मांडीवर डोकं ठेवून, जमिनीवर बसून राहिली.